आयटीवाला ठेवलाय ना, मग वापरा की!

नाशिककडे अंबड, सातपूर, सिन्नर, कारखाना कुठेही असो, तुमच्याकडे एक आयटीवाला असेलच, आणि पूर्वी त्याचा जरा जास्तच रुबाब होता हे तुम्हालाही आठवत असेल. सर्व्हर रूमची किल्ली त्याच्याकडे, पासवर्ड त्याच्याकडे, साधं एक सॉफ्टवेअर टाकायचं तरी शेठला "बघ ना जरा" म्हणावं लागायचं. आता सगळं क्लाऊडवर, म्हणजे बाहेरच्या कंपन्यांच्या सर्व्हरवर गेलंय, तेव्हा पहिलं काम म्हणजे सर्व्हर रूमचा एसी काढून एचआरच्या केबिनला बसवा आणि खोलीत दिवाळी गिफ्टचे खोके भरा. ('प्रवेश बंद'ची पाटी मात्र ठेवा, खोके सुरक्षित राहतात.)

इथून पुढे सॉफ्टवेअर घेताना आयटीला विचारणं म्हणजे निव्वळ मागासलेपणा. सेल्सवाल्याने स्वतःच्या क्रेडिट कार्डवर एक घ्यावं, सर्व्हिसवाल्यांनी दुसरं, अकाउंट्सचं टॅली आहेच, मग एकच कस्टमर तीन ठिकाणी तीन नावांनी नांदू लागतो आणि महिनाअखेरीला आकडे जुळत नाहीत, तेव्हा आयटीवाल्याला बोलवून विचारायचं, तुझं लक्ष असतं कुठे? तो सेल्सवाला नोकरी सोडून समोरच्या पार्टीकडे गेला तरी त्याचं लॉगिन चालूच, कारण कार्ड त्याचं होतं ना.

ट्रकने माल पाठवताना जीएसटीच्या पोर्टलवर काढावं लागतं त्या ई-वे बिलाचं तर विचारूच नका. १ एप्रिल २०२५ पासून त्या पोर्टलला सगळ्यांनाच ओटीपी लागतो. आयटीवाला म्हणेल प्रत्येकाचा वेगळा सब-युजर करू, अजिबात ऐकायचं नाही, लॉगिन एकच आणि नंबर शेठचा! संध्याकाळी गेटवर सुरतचा ट्रक उभा, ड्रायव्हर तंबाखू मळतोय, डिस्पॅचवाला "ओटीपी, ओटीपी" करत फोन लावतोय आणि शेठ गंगापूर रोडच्या लॉन्सवर वरातीत, मोबाईल वहिनींच्या पर्समध्ये, पर्स गाडीत. अशा वेळी आयटीवाल्याला झापावं, सिस्टिम का बंद आहे म्हणून.

एआयबद्दल मात्र मागे राहू नका हं. मार्केटिंगच्या पोराला कोटेशन, रेट, कस्टमरचं ड्रॉइंग सगळं चॅटजीपीटीत बिनधास्त टाकू द्या, फुकट आहे. आयटीवाल्याने पॉलिसीचा ड्राफ्ट पाठवला तर "नोटेड" लिहून मोकळं व्हा. फारच कुरकुर केली तर त्याला 'हेड, डिजिटल ट्रान्सफॉर्मेशन' करून टाका, पगार तोच, आणि नवं व्हिजिटिंग कार्ड छापायच्या आधी स्टोअरच्या प्रिंटरचा टोनर बदलून घ्या.

राहता राहिला सायबर हल्ला. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण शॉप फ्लोअरचा पीसी सुरू होतोय ना, मग नवीन कशाला? बॅकअपची हार्डडिस्क त्याच पीसीला कायम लावून ठेवा, शोधाशोध नको. एखाद्या सकाळी सगळ्या फाइली लॉक झाल्या तर घाबरू नका. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या आदेशानुसार असा प्रकार लक्षात आल्यापासून ६ तासांत तिला कळवावा लागतो, म्हणजे भरपूर वेळ आहे. आधी सगळ्यांना मिसळ मागवा, मग मीटिंग, मग मेहुण्याच्या ओळखीचा एक हॅकर आहे त्याला फोन, मग 'आपलं नाव बाहेर जायला नको' यावर तासभर चर्चा. साडेपाच तास उलटले की आयटीवाल्याला आत बोलवा आणि म्हणा, आता सगळे अधिकार तुला, लिही रिपोर्ट आणि खाली सही तुझी कर.