टिकाऊ स्टोव्ह निवडताना घ्यावयाची दक्षता

गडावर मुक्कामाला जाणाऱ्या मंडळींना सॅकमध्ये मावेल असा एक सुटसुटीत आणि टिकाऊ स्टोव्ह हवा असतो, आणि तो कसा निवडावा याविषयी समाजात फार गैरसमज पसरलेले आहेत. इंधन कोणते मिळेल, वारा किती असेल, पातेले केवढे ठेवायचे आहे आणि बिघडल्यास सुटा भाग कोठे मिळेल, असले रूक्ष प्रश्न विचारणारी माणसे अजूनही भेटतात. आपण त्यांच्या नादी लागू नये. स्टोव्ह ही मुख्यतः दाखवण्याची वस्तू आहे, एवढे मनाशी पक्के केले की निवड अगदी सोपी होते.

सर्वप्रथम वजन पाहावे. टायटॅनियमचा अवघा २५ ग्रॅमचा बर्नर बाजारात मिळतो. तो तळहातावर ठेवला की चांगला दिसतो. पातेले टेकवण्यासाठी त्याला बोटाएवढ्या तीन पट्ट्या असतात. ज्योत मोठी केली की त्या लाल होतात आणि वजन पडले की हळूच वाकू लागतात. मुठीएवढ्या मगात एका माणसाचा चहा करण्यासाठी ही वस्तू बनवलेली असल्यामुळे आपण तिच्यावर दहा जणांच्या खिचडीचे पातेले चढवावे. खिचडी कलंडल्यास दोष गडावरच्या जमिनीला द्यावा, ती तशीही कोठेच सपाट नसते. स्टोव्हमध्ये वाचवलेले दोनशे ग्रॅम वाया जाऊ नयेत म्हणून सॅकमध्ये गाणी वाजवणारा स्पीकर टाकावा.

त्यानंतर खोक्यावरचा वॅटचा आकडा पाहावा आणि जो सर्वांत मोठा असेल तो पसंत करावा. तीन हजार वॅट आणि चार मिनिटांत लिटरभर पाणी उकळते, असे खोक्यावर लिहिलेले असते आणि ते खोटे नसते. फक्त ते दारे-खिडक्या बंद असलेल्या खोलीत खरे असते. वीस अंशांचे लिटरभर पाणी शंभर अंशांवर न्यायला सुमारे ३३५ किलोजूल उष्णता लागते, म्हणजे काहीही वाया गेले नाही तर जेमतेम साडेसात ग्रॅम ब्युटेन, म्हणजे बर्नरखालच्या डब्यातला गॅस. प्रत्यक्षात निवाऱ्यालासुद्धा त्याच्या दुप्पट गॅस जातो आणि हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या बाजूने भणाण वारा सुटला की किती जातो, हे विचारण्यात अर्थ नाही, कारण २३० ग्रॅमचा डबा संपतो तेव्हाही पाण्याला आधण आलेले नसते. ज्योत पातेल्याच्या बुडाला लागण्याऐवजी शेजाऱ्याच्या विजारीकडे झुकलेली असते. अशा वेळी बर्नरचे डोके खोलगट असते आणि ज्योत भांड्याच्या जवळ असती तर बरे झाले असते, असे कोणी म्हणालाच तर त्याला वॅटचा आकडा मोठ्याने वाचून दाखवावा.

वाऱ्यावर उपाय म्हणून काही जण ॲल्युमिनियमचा पत्रा स्टोव्हभोवती गुंडाळतात. हा पत्रा बर्नर आणि त्याखालचा गॅसचा डबा अशा दोघांनाही सर्व बाजूंनी घट्ट वेढेल याची काळजी घ्यावी. त्यामुळे पातेल्याखालची सगळी धग खाली परतते, डबा तापतो, आतला दाब चढत जातो आणि सर्व मंडळी जेवणापूर्वीच एकाग्र होतात. ज्यांच्याकडे आडव्या डब्याचा चौकोनी स्टोव्ह आहे, त्यांनी पत्र्याच्या भानगडीत न पडता त्यावर भाकरीचा सर्वांत मोठा तवा ठेवावा, म्हणजे तव्याची कड डब्याच्या कप्प्यावर येईल आणि परिणाम तोच साधेल. या स्टोव्हमध्ये दाब वाढताच डबा आपोआप सुटून ज्योत विझवणारी एक कळ असते. काही भित्र्या कारखानदारांनी ती बसवलेली आहे. स्वयंपाकात सारखा व्यत्यय येऊ लागला तर ती दाबून धरण्यासाठी गटातील सर्वांत धाकट्या सदस्याची नेमणूक करावी.

टिकाऊपणाचा विषय निघालाच आहे, तर एका जुनाट वस्तूपासून आपल्याला सावध करणे माझे कर्तव्य आहे. ती वस्तू म्हणजे पंपाचा पितळी स्टोव्ह. स्वीडनच्या लिंडक्विस्ट यांनी १८९२ मध्ये तो घडवला, वात काढून टाकली आणि तापलेल्या बर्नरमध्ये रॉकेलची आधी वाफ करून मग ती जाळण्याची सोय केली, त्यामुळे भांड्यांना काजळी धरेनाशी झाली. अमुंडसेन १९११ मध्ये हाच स्टोव्ह घेऊन दक्षिण ध्रुवावर गेले. २९ मे १९५३ च्या पहाटे एव्हरेस्टच्या शेवटच्या तळावर हिलरी यांचे बूट गोठून लाकूड झाले होते, तेव्हा त्यांनी ते याच जातीच्या स्टोव्हवर शेकून मऊ केले आणि मग शिखराची वाट धरली. इतके होऊनही या स्टोव्हमध्ये एक अक्षम्य दोष आहे, तो म्हणजे तो दुरुस्त होतो. पंपातले चामड्याचे वायसर सुकले तर तेलाचे दोन थेंब सोडायचे, निपल चोंदले तर पिन मारायची आणि फार झाले तर बर्नर बदलायचा, एवढ्यावर तो पुन्हा फुरफुरू लागतो, आणि नवी वस्तू घेण्याचे निमित्त कायमचे हुकते. रेशनवरचे रॉकेल आता मिळेनासे झाले आहे, ही त्याच्याविरुद्धची एकमेव खरी तक्रार आहे. म्हणूनच ती कोणी करत नाही, सगळे वासाविषयी बोलतात. स्पिरिटच्या साध्या स्टोव्हकडे तर पाहूही नये, कारण त्यात मोडण्यासारखे काहीच नसते.

नव्या स्टोव्हमध्ये मोडण्यासारखे बरेच असते. खटका दाबताच ठिणगी पाडणारी कळ पहिल्या पावसाळी मुक्कामात दमट होऊन मुकी होते, तेव्हा काडेपेटी सोबत नेऊ नये. डब्याच्या तोंडाशी, आट्यांच्या आत, करंगळीच्या नखाएवढे एक काळे रबरी कडे असते. खरे पाहता स्टोव्हचे आयुष्य टायटॅनियमवर ठरत नाही, या कड्यावर ठरते. ते कडक झाले, त्याला चीर गेली किंवा मातीचा एक कण तेथे अडकला, की डबा पिळताना फुस्स आवाज येतो आणि थांबत नाही. दोन जादा कडी सॅकच्या कप्प्यात टाकण्याचा मोह आवरावा. इतक्या स्वस्त वस्तूने एवढ्या महाग वस्तूचे प्राण वाचावेत, हे कोणालाच शोभत नाही. रिकामे डबे मात्र फेकू नयेत. ब्युटेनसाठी बनवलेल्या पातळ पत्र्याच्या डब्यात घरच्या सिलिंडरमधला गॅस भरून देणारी कुशल माणसे असतात, आणि त्या गॅसमधल्या प्रोपेनचा दाब ब्युटेनच्या कितीतरी पट असतो, ही गोष्ट डब्याला ठाऊक नसते.

हिमालयात जाणार असाल तर इंधनाचा विचार गाडीत बसल्यावर करावा. गॅसचे डबे विमानात सामानातूनही नेता येत नाहीत, आणि रेल्वेतून धोकादायक माल नेणाऱ्यास रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १६४ मध्ये तीन वर्षांपर्यंत कैदेची किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंडाची किंवा दोन्हींची तरतूद आहे. मुक्कामाची सोय त्यात आपोआपच होते. वर पोहोचलात, तर नुसत्या ब्युटेनचा डबा घ्यावा. ब्युटेनचे शून्याखाली अर्ध्या अंशालाच वाफेत रूपांतर व्हायचे थांबते, त्यामुळे पहाटे डबा भरलेला असूनही ज्योत लागत नाही आणि इंधनाची फार बचत होते. थंडी असह्य झाली तर स्टोव्ह तंबूत घेऊन चेन लावावी. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसल्यामुळे कोणाची तक्रार येत नाही.

स्टोव्ह घरी कधीही पेटवून पाहू नये. खोके प्रथम गडावरच, अंधार पडल्यावर आणि सर्वांना भूक लागल्यावर उघडावे, म्हणजे त्यात डबा जोडण्याचा पाइप वेगळा विकत घ्यायचा असतो, हे एकाच वेळी सगळ्यांना कळते. तोपर्यंत गडावरच्या झोपडीत पिठलं-भाकरी सांगून ठेवलेली असावी. सकाळच्या चहासाठी मात्र स्टोव्हवर जरूर विसंबावे. फक्त झोपण्यापूर्वी मावशींना चहाचे सांगून ठेवावे, कारण शनिवारी गर्दी असते आणि त्यांच्याकडचे दूध सातच्या आत संपते.