डास खाणारं झाड पाळताना

गेल्या वर्षी कासला गेलो होतो, सगळे फुलांसोबत सेल्फी काढत होते आणि गाइडने मला मात्र खाली वाकवून बोटभर उंचीचं लालसर रोपटं दाखवलं. पानांवर केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चमकणारा चिकट थेंब. दवबिंदू म्हणतात त्याला, किडे खातं. आमच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटमधले डास डोळ्यासमोर आले आणि ठरलंच.

कासचं उपटायचा प्रश्नच नव्हता, म्हणून ऑनलाइन त्याचा दक्षिण आफ्रिकेतला भाऊबंद मागवला, केप सनड्यू. सगळ्यात सोपी जात म्हणे. सोपी म्हणजे काय तर नळाचं पाणी चालत नाही, क्षारांनी मरतं, टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, ५० च्या खाली पाहिजे. आमच्या टँकरच्या पाण्याचा ४८० आला, ते आम्ही पितो तो भाग वेगळा. मग भर पावसात गच्चीवर पातेली, बादल्या, जुना प्रेशर कुकर मांडून पाणी धरलं, बाटल्यांत भरलं. खतही चालत नाही. हे निकस जमिनीतलं झाड, मातीत नायट्रोजन मिळत नाही म्हणून तर किडे खातं. आईला ते पटलं नाही, तिने गुलाबासारखा ह्यालाही चहाचा चोथा घातला. पहिलं रोप गेलं.

दुसरं जगलं. पण डास त्याच्याकडे फिरकेनात, ते माझ्याकडेच येणार. शेवटी मीच पिकल्या केळ्यांवरची चिलटं पकडून बायकोच्या भुवयांच्या चिमट्याने एकेक भरवायला लागलो, पान हळूहळू त्याच्याभोवती गुंडाळत जातं ते बघण्यात अख्खी दुपार जाते (वर्क फ्रॉम होम). डार्विनने ह्या झाडांना मांस, दूध काय काय भरवून १८७५ मध्ये पुस्तक लिहिलं, माझं फक्त अप्रेझल लांबलं.

आणि परवा डास तपासणीवाल्या ताई आल्या. ह्या कुंडीखाली कायम पाण्याचा ट्रे लागतो. त्यांनी टॉर्च मारला, आत अळ्या वळवळतायत.

"अहो ताई, हे झाड डास खातं."

"मग हे कुणी पाळलेत?"

पानं वर, अळ्या खाली, पोचणार कसं ते? हे समजावेपर्यंत ट्रे मोरीत उपडा झाला होता, पावसाचं दोन बाटल्या पाणी गेलं, नोटीसही हातात. चप्पल घालताना ताई हळूच म्हणाल्या, "एखादं पिल्लू मिळेल का याचं? आमच्याकडे डास फार आहेत."