‘शेती हे मुलींचं क्षेत्र नाही’ म्हणणाऱ्यांना उत्तर

शेती आणि शेतीवर उभ्या असलेल्या उद्योगांत मुलींनी करिअरचा विचार करू नये, असं सांगणारा मजकूर सध्या खूप फिरतोय. तो सल्ल्याच्या सुरात लिहिलाय, त्यामुळे पटकन पटतो आणि पुढे पाठवला जातो. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: हे ताकदीचं काम आहे, बायकांना झेपत नाही. शेतात ज्या दिसतात त्या फक्त हातभार लावतात, धंदा पुरुषच चालवतात. या क्षेत्रात मोठं काम केलेल्या बायका नाहीत. त्यांच्या हातची जमीन कमी पिकते. आता कायदा कुणाला अडवत नाही, तेव्हा त्या मागे राहिल्या तर दोष त्यांचाच. आणि शेवटी पुस्ती जोडलीय की मुली शिकतात नि सोडून देतात.

हे वाचून एखादी मुलगी अर्ज भरता भरता थांबत असेल, तर गप्प बसणं मला जमणार नाही. म्हणून मुद्दे एकेक करून घेते.

‘ताकदीचं काम आहे.’ ताकद लागते, यात वाद नाही. पण कोणत्या कामाला किती लागते, हे न बघताच हे वाक्य फेकलं जातं. भाताची लावणी, खुरपणी, कापसाची वेचणी, चहाची खुडणी ही दिवसभर कंबर मोडणारी कामं कितीतरी देशांत मुख्यतः बायकाच करतात. तेव्हा त्यांच्या ताकदीबद्दल कुणी शंका काढत नाही. शंका निघते ती ट्रॅक्टरच्या सीटवर बसायची वेळ आली की. आणि तिथे तर नांगर उचलायचं काम हायड्रॉलिक्स करतं, चाक वळवायचं काम पॉवर स्टिअरिंग करतं. चालवणाऱ्याकडे लागतो तो अंदाज आणि सराव.

खरी अडचण कुठे येते ते जवळून बघा. ट्रॅक्टरला रोटाव्हेटर जोडताना पीटीओ शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद अवजारापर्यंत नेणारा फिरता दांडा, बसवावा लागतो. एका हाताने स्प्रिंगची पिन दाबून धरायची, दुसऱ्या हाताने जड शाफ्ट उचलून दात्यांशी जुळवायचा आणि आत सरकवायचा. तेही ओणवं होऊन, अवजार आणि ट्रॅक्टर यांच्या मधल्या सांदीत. पंजा लहान असेल तर पिन दाबून धरणंच अवघड जातं. पाठीवरचा १६ लिटरचा फवारणी पंप भरला की नुसतं पाणीच १६ किलो होतं, वर पंपाचं वजन वेगळं, आणि पट्टे असतात रुंद खांद्यांच्या मापाचे. हातमोजे सैल असले की औषधाचं द्रावण मनगटातून आत उतरतं आणि तासन्‌तास कातडीला लागून राहतं. यात बाईचा काही दोष नाही. अवजार ज्याच्या मापाने बनवलं त्याच्यापेक्षा वेगळ्या बांध्याच्या प्रत्येकाला हा त्रास होतो, किरकोळ अंगाच्या पुरुषालासुद्धा. त्यावर उपायही आहेत: अवजार पटकन जोडणारं क्विक हिच, पाठीवरचा भार कंबरेवर घेणारा पट्टा, लहान मापाचे हातमोजे. ते विकत घ्यायचे की नाही, हा मालकाच्या किंवा कंपनीच्या खर्चाचा प्रश्न आहे.

जनावरांच्या बाबतीत तर ताकदीचा मुद्दा टिकतच नाही. पाचशे किलोचं जनावर अडून बसलं तर ते कुणाच्याच दंडाच्या जोराने हलत नाही. टेंपल ग्रँडिन या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने हे काम कसं केलं ते सांगण्यासारखं आहे. १९७० च्या दशकात ॲरिझोनातल्या गुरांच्या मोठ्या गोठ्यांवर ती गेली, तेव्हा तिथे जवळपास सगळे पुरुषच होते. जनावरं अरुंद गल्लीत शिरताना थबकायची आणि माणसं ओरडून, टोचून त्यांना पुढे ढकलायची. ग्रँडिन त्या गल्लीत स्वतः उतरली आणि जनावराच्या नजरेच्या उंचीवरून बघू लागली. लोंबणारी साखळी, जमिनीवर पडलेली सावली, पत्र्यावरची चमक, कुंपणावर टाकलेला कुणाचा तरी कोट, अशा गोष्टींनी जनावरं बुजत होती. त्या काढल्या की जनावर आपणहून चालायचं. पुढे तिने वळणदार गल्ल्यांची रचना आखली आणि उत्तर अमेरिकेतल्या जनावरांच्या हाताळणीची पद्धतच बदलली.

इतिहासानेही याचं उत्तर एकदा दिलंय. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, ब्रिटनने ‘विमेन्स लँड आर्मी’ उभी केली आणि १९३९ मध्ये ती पुन्हा उभारली. पुरुष सैन्यात गेल्यावर नांगरणी, दूध काढणं, मळणी, सगळं बायकांच्या हाती आलं. दुसऱ्या महायुद्धात त्यांची संख्या ८० हजारांवर पोचली होती. पुरुष रिकामे असतात तेव्हाच बाईची ताकद कमी पडते, असं तर नसेल? त्यांना मजुरी मात्र पुरुषांपेक्षा कमी मिळाली. युद्धानंतर इतर सेवांतल्या लोकांना मिळणारे लाभ लँड आर्मीला नाकारले, तेव्हा संस्थेच्या प्रमुख लेडी डेनमन यांनी १९४५ मध्ये निषेध म्हणून राजीनामा दिला.

दुसरा मुद्दा, ‘त्या फक्त हातभार लावतात’. इथे आधी विचारायला हवं की मोजलं कुणी आणि कसं. अमेरिकेच्या कृषी गणनेत पूर्वी प्रत्येक शेताला एकच मुख्य चालक नोंदवता यायचा. घरातून एकच नाव द्यायचं म्हटल्यावर कुणाचं दिलं जात असेल, हे सांगायला नको. २०१७ च्या गणनेत फॉर्म बदलला. एका शेतावर चार जणांपर्यंत नोंद करता येऊ लागली, मुख्य म्हणून एकापेक्षा जास्त नावं देता येऊ लागली आणि कोणता निर्णय कोण घेतं हेही विचारलं गेलं: रोजचं काम, पीक, जनावरं, हिशेब, पुढच्या पिढीकडे शेत सोपवणं. २०१२ मध्ये सुमारे ९ लाख ७० हजार बायकांची नोंद होती, ती २०१७ मध्ये १२ लाख २७ हजारांवर गेली. त्याच काळात पुरुषांची संख्या थोडी घटली. पाच वर्षांत अडीच लाख बायका अचानक शेतीत आल्या असं कुणी म्हणणार नाही. त्यातल्या बऱ्याच जणी आधीपासून तिथेच होत्या, फॉर्मवर त्यांना रकाना नव्हता. त्याच गणनेत ५६ टक्के शेतांवर निर्णय घेणाऱ्यांत किमान एक बाई असल्याचं दिसलं.

जगाचं बघायचं तर संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार शेती, अन्नप्रक्रिया, वाहतूक, विक्री या सगळ्या साखळीत काम करणाऱ्यांत ३८ टक्के बायका आहेत. याला हातभार म्हणायचं असेल, तर तो काढून घेतल्यावर साखळीत काय उरेल याचा विचार करावा.

तिसरा मुद्दा, ‘मोठं काम केलेल्या बायका नाहीत’. हा मुद्दा तर सरळ चुकीचा आहे. अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ बार्बरा मॅकक्लिंटॉक यांनी मक्याच्या कणसातल्या ठिपकेदार दाण्यांवरून जनुकं जागा बदलतात हे दाखवलं. लोकांना ते पटेना, तेव्हा १९५३ नंतर त्यांनी त्यावर प्रसिद्ध करणं जवळजवळ थांबवलं, काम मात्र सोडलं नाही. १९८३ मध्ये त्यांना एकटीला नोबेल मिळालं. भारतीय वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माळ यांनी कोइम्बतूरच्या ऊस केंद्रात उसाच्या गुणसूत्रांवर आणि संकरांवर काम केलं.

एव्हांजेलिना व्हिएगास यांच्याबद्दल थोडं जास्त सांगते, कारण त्यांचं काम शेतात नव्हतं, प्रयोगशाळेत होतं, आणि ‘शेती म्हणजे नांगर’ हा समज त्यातून सुटतो. मक्याच्या एका वाणात लायसिन आणि ट्रिप्टोफॅन ही आवश्यक अमिनो आम्लं जास्त असल्याचं कळलं होतं. म्हणजे मक्यावरच जगणाऱ्या मुलांना त्यातून चांगली प्रथिनं मिळणार. पण त्या वाणाचा दाणा मऊ, खडूसारखा, उत्पादन कमी आणि कीड लगेच लागायची. शेतकरी तो पेरेल कशाला? मेक्सिकोतल्या आंतरराष्ट्रीय मका व गहू सुधार केंद्रात व्हिएगास रसायनतज्ज्ञ होत्या आणि सुरिंदर वसाल पैदासकार, म्हणजे नवे वाण तयार करणारे. वसाल कडक दाण्याची झाडं निवडायचे आणि त्या दाण्यांत प्रथिनांचा दर्जा टिकलाय का, हे व्हिएगास तपासायच्या. असे वर्षाला हजारो नमुने. ही तपासणी नसती तर पैदासकार दाणा बघून निवडत राहिला असता आणि दर्जा हातातून निसटला असता. २००० मध्ये दोघांना मिळून जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. २०२५ चा पुरस्कार ब्राझीलच्या मारियांजेला हुंग्रिया यांना मिळालाय. सोयाबीनच्या बियाण्याला लावायच्या, हवेतला नत्र पिकाला मिळवून देणाऱ्या जिवाणूंवर त्यांनी चार दशकं काम केलं. त्याच देशात या कामाचा पाया त्यांच्या आधी योहाना डोबेराइनर या महिलेनेच घातला होता.

बियाणं, माती परीक्षण, रोगनिदान, पशुवैद्यक, शीतसाखळी, पीक कर्ज, सिंचनाची आखणी, निर्यातीची गुणवत्ता तपासणी हे सगळं कृषी उद्योगच आहे. यातल्या कशाला दंडाची बेटकुळी लागते?

आता चौथा मुद्दा, ‘त्यांच्या हातची जमीन कमी पिकते’. यातला आकडा खरा आहे, म्हणूनच तो फसवतो. अन्न व कृषी संघटनेच्या त्याच २०२३ च्या अहवालात म्हटलंय की सारख्या आकाराच्या शेतांची तुलना केली, तर बायका चालवत असलेल्या शेतांची उत्पादकता पुरुषांच्या शेतांपेक्षा २४ टक्के कमी दिसते. मजकूर लिहिणाऱ्याने आकडा उचलला आणि कारणं मागे ठेवली. पेरणी आठवडाभर लांबली की उत्पादन किती पडतं, हे शेती करणाऱ्याला सांगावं लागत नाही. ज्या बाईच्या हाताशी रोख पैसा नाही, तिच्या शेतात भाड्याचा ट्रॅक्टर उशिरा येतो, मजूर उशिरा मिळतात, खत एका हप्त्यात पडायचं तिथे अर्धंच पडतं. कृषी विस्ताराचा माणूस शेतावर येतो तेव्हा तो घरातल्या पुरुषाशी बोलतो, आणि तिला नव्या वाणाची माहिती पुढच्या हंगामात, तीही ऐकीव मिळते. याच संघटनेने २०११ मध्ये हिशेब मांडला होता की पुरुषांइतकीच साधनं मिळाली, तर बायकांच्या शेतातलं उत्पादन २० ते ३० टक्क्यांनी वाढू शकतं. २०२३ च्या अहवालात त्याची पुढची बाजूही दिलीय: उत्पादकतेतली आणि मजुरीतली ही दरी मिटली, तर जगाचं एकूण उत्पन्न सुमारे १ टक्क्याने वाढेल आणि साडेचार कोटी लोकांची अन्नाची असुरक्षितता कमी होईल. म्हणजे हा २४ टक्क्यांचा आकडा बाईच्या हाताचं माप म्हणून वाचणं चूक आहे. तिच्या शेतात काय पोचलं नाही, त्याचं ते माप आहे.

‘कायदा अडवत नाही’ हे म्हणणंही तपासून घ्यायला हवं. शेतजमिनीवरच्या हक्काची आकडेवारी ज्या ४६ देशांनी कळवली, त्यांतल्या ४० देशांत मालकी किंवा पक्का हक्क असण्याचं प्रमाण पुरुषांत जास्त आहे. जमीन नावावर नसली की तारण नाही, तारण नाही म्हणून कर्ज नाही, कर्ज नाही म्हणून शेडनेट नाही, ठिबक नाही, आणि अनेक ठिकाणी नोंद नाही म्हणून संस्थेचं सभासदत्व किंवा विमाही नाही. यातली एकही पायरी ‘बाईला मनाई’ असं म्हणत नाही, तरी शेवटी ती बाहेरच राहते. शेतमजुरीत आणि शेतीतल्या पगारी कामात पुरुषाला १ डॉलर मिळतो तेव्हा बाईला ८२ सेंट मिळतात, तेही कुठल्या कायद्यात लिहिलेलं नसतं. इंग्लंड आणि वेल्सच्या शेतकऱ्यांची राष्ट्रीय संघटना १९०८ मध्ये स्थापन झाली आणि तिची पहिली महिला अध्यक्ष, मिनेट बॅटर्स, निवडून आली २०१८ मध्ये. तिथेही कुठला नियम आडवा आलेला नव्हता.

राहिली ती पुस्ती: मुली शिकतात आणि सोडून देतात. काही जणी सोडतात, हे मी नाकारत नाही. पण सोडण्याची कारणं त्यांना विचारली जात नाहीत. क्षेत्रभेटीला दिवसभर फिरायचं आणि कुठेही स्वच्छतागृह नाही, म्हणून पाणी न पिता काम करायचं. मुक्कामी दौऱ्यावर राहायची सोय पुरुषांचीच. मूल झालं की ‘तुझ्या सोयीसाठी’ म्हणून फिरतीचं काम काढून कार्यालयातलं काम द्यायचं आणि बढतीच्या वेळी फिरतीचा अनुभव कमी पडला म्हणायचं. घरची शेती असेल तर बहीण कितीही शिकलेली असली तरी शेत भावाकडे जाणार, हे तिच्या लहानपणीच ठरलेलं. अशा ठिकाणाहून कुणी निघून गेलं, तर आधी ते ठिकाण तपासायला हवं.

म्हणून या क्षेत्रात यायचं ठरवणाऱ्या मुलींनी तो मजकूर बाजूला ठेवावा आणि नोकरी घेताना काही गोष्टी थेट विचाराव्यात. फिरतीचं क्षेत्र मला मिळणार का, आणि गाडी कोण देणार? संरक्षक कपडे कोणत्या मापात ठेवता? शेतावर आणि केंद्रावर स्वच्छतागृह आहे का? तक्रार कुणाकडे करायची? मुलाखतीत हे विचारायला संकोच वाटेल, तरी विचारावं, कारण उत्तर द्यायला समोरचा अडखळला तर पुढच्या दोन वर्षांचा अंदाज तिथेच येतो. घरच्या शेतीत उतरायचं असेल तर प्रश्न वेगळे: उताऱ्यावर माझं नाव कधी लागणार, कर्जखातं कुणाच्या नावाने, माझ्या कामाचा पगार की हिस्सा, आणि हे सगळं कागदावर कधी येणार. पहिली पेरणी करण्याआधी याची उत्तरं घ्यावीत. एकदा पीक उभं राहिलं की हे बोलणं दरवेळी पुढच्या हंगामावर ढकललं जातं.