अज्ञात प्रकाशक

सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब ठेवणारं एक छोटंसं सॉफ्टवेअर मी लिहिलं आणि मोठ्या हौसेनं सेक्रेटरी काकांना पाठवलं. दहा मिनिटांत फोन. "अहो, निळी पाटी आलीय. प्रकाशक अज्ञात म्हणे! रोज सकाळी एकाच डेअरीच्या रांगेत असतो की आपण!"

म्हणजे सॉफ्टवेअर कोणाचं ते विंडोजला सांगणारं, डिजिटल सहीचं सर्टिफिकेट घेणं आलं. इन्कम टॅक्सची डीएससी, म्हणजे डिजिटल सही, घरात होती, पण ती कागदपत्रांपुरती. सॉफ्टवेअरला तिची सही चालत नाही. नवं काढायचं तर मी मीच आहे हे आधी सिद्ध करा. पॅनवर वडिलांचं नाव पूर्ण, बँकेत नुसतं आद्याक्षर, आणि लाइटबिल अजून आजोबांच्या नावावर. त्यांना जाऊन बावीस वर्षं झाली, पण वीज तेच वापरतात. शेवटी पासपोर्ट गालाला लावून फोटो काढला, तेव्हा कुठे पटलं.

१ जून २०२३ पासून सहीची गुप्त चावी साध्या फाइलीत मिळत नाही. मला ती पेनड्राइव्हसारख्या टोकनमध्ये मिळणार होती. नियमाला कारणही आहे. २०१० मध्ये उघडकीला आलेल्या स्टक्सनेट नावाच्या संगणकी किड्यावर तैवानच्या दोन कंपन्यांच्या चोरलेल्या चाव्यांनी केलेल्या सह्या होत्या. त्या किड्याकडे दोन-दोन सर्टिफिकेटं, आणि अज्ञात कोण, तर मी! असो. तर हे सात कुलपांतलं टोकन कुरिअरवाल्यानं वॉचमनकडे टाकलं. माझ्या नावानं सही वॉचमननंच ठोकली, बोटानं, मोबाइलच्या काचेवर.

मी सही केली. मग 'थकबाकी'ची 'धकबाकी' झालेली दिसली. ती सुधारली, तर सही बाद. एक अक्षर हललं तरी फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला ठसा, बदलतो. पुन्हा सही. या खेपेला टाइमस्टॅम्प, म्हणजे सही केव्हा झाली त्याचा शिक्का, राहिला. तो नसला तर सर्टिफिकेटची मुदत संपली की सहीही संपते. पुन्हा सही. दर वेळी पासवर्ड, आणि तो सारखा चुकला तर टोकन कायमचं मुकं. म्हणून बायको एकेक अक्षर मोठ्यानं वाचत होती. खिडकी उघडीच होती.

पुन्हा काकांचा फोन. "नाव आलं बरं का तुमचं. पाटीही आहे."

"नवीन आहे ना काका. बऱ्याच जणांनी डाउनलोड केलं की जाते."

"आणि पाटी बघून डाउनलोड कोण करणार?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. काकांकडे होतं. संध्याकाळी लिफ्टशेजारी नोटीस लागली: 'सर्व सभासदांनी धोका पत्करून हिशेब पाहावा.' खाली सेक्रेटरींची सही आणि सोसायटीचा गोल शिक्का.