ॲव्हरेज किती देते?

व्हिडिओ कॉलवर आईला गाडी दाखवली, तर पहिला प्रश्न आला, "ॲव्हरेज किती देते?"

"हायवेवर लिटरला बारा." खोटं नव्हतं. गाडी हायवेसाठी घेतलेली नाही, एवढंच सांगायचं राहिलं.

२००१ची कॉर्व्हेट, शेवरोलेची स्पोर्ट्स कार. पुढे ५.७ लिटरचं व्ही-८ इंजिन, गिअरबॉक्स पार मागच्या चाकांपाशी, आणि मीटरवर १,४२,००० मैल. म्हणजे बाईंनी चंद्राची निम्म्याहून जास्त वाट कापलेली. पेट्रोल वाचावं म्हणून हिच्यात एक सोय आहे: हळू निघालात तर गिअरचा दांडा पहिल्यातून दुसऱ्यात जातच नाही, थेट चौथ्यात. पहिलीतून चौथीत बसवलेल्या पोरासारखी ती सिग्नलवरून धापा टाकत निघते.

तिला घेऊन गेलो वॉटकिन्स ग्लेनला. न्यूयॉर्क राज्यातला हा ट्रॅक ३.४ मैलांचा, १९६१ ते १९८० इथे फॉर्म्युला वनवाले यायचे. आता पैसे भरून आपापल्या गाड्या पळवायला आमच्यासारखे आयटीवाले येतात.

सकाळी तपासणी. चाकांचे नट, ब्रेकचे पॅड, बॅटरी बघत तपासणारा गृहस्थ डॅशबोर्डपाशी थबकला. सुटी वस्तू चालणार नाही म्हणे. डबल टेपवर बसलेले बाप्पा सुटे कसे, हे इंग्रजीत पटवता आलं नाही. शेवटी जॅक, टॉर्क रेंच आणि पोह्यांच्या डब्याशेजारी बाप्पांची खुर्चीवर प्रतिष्ठापना झाली.

नवशिक्यांचा नियम असा, की मागच्याला घाई असेल तर आपण खिडकीतून हात काढून बाजू दाखवायची, मगच त्याने पुढे जायचं. टिळक रोडवर मी जन्मात कुणाला साइड दिलेली नाही. इथे ३५० हॉर्सपॉवर घेऊन वीस मिनिटांत नऊ जणांना दिली. त्यात एक माझदाची इवलीशी मियाटा, तीही दोनदा. शेजारी बसलेले प्रशिक्षक म्हणाले, "तुमचे इशारे फार स्पष्ट असतात." दिवसभरातलं हे एकमेव कौतुक.

दुपारी, लांब सरळ रस्त्याच्या टोकाला, 'बसस्टॉप' नावाच्या वळणांपाशी ब्रेक दाबला आणि पेडल लोण्यात सुरी जावी तसं खाली गेलं. ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी ओढून घेतं. जुनं झालं की लवकर उकळतं, बुडबुडे होतात आणि पाय नुसते बुडबुडे दाबत बसतो. हे सगळं मला ठाऊक होतं. नवी बाटली आणलीही होती. ती मार्चपासून गॅरेजात, तांदळाच्या पोत्यामागे. पेडल दोन-तीनदा हापसलं तेव्हा कुठे जीव आला, तोवर आम्ही वळण सोडून सरळ गेलेलो. पुण्याच्या बससारखे स्टॉपच्या बरेच पुढे थांबलो. प्रशिक्षक काही बोलले नाहीत. फक्त हेल्मेटची काच वर केली.

फ्लुइडची बाटली शेवटी मियाटावाल्यानेच दिली. नळ्यांतून काळपट चहा निघावा तसं जुनं फ्लुइड निघालं.

परतताना पेट्रोल भरलं, हिशोब केला: ट्रॅकवर लिटरला तीन. तेवढ्यात आईचा फोन.

"कुठे गेला होतास रे?"

"कुठे नाही. गोल गोल फिरत होतो."

हायवेला लागलो. मागून कुणीतरी दिवे मारले, आणि माझा डावा हात आपोआप खिडकीबाहेर गेला.