खिडकी, बटन आणि एनए

पाऊस आणि खतावरून सोयाबीनचं उत्पादन सांगणारं मॉडेल मी आर या संगणकाच्या भाषेत केलं. जुन्या नोंदी उपसल्या, वेडेवाकडे आकडे निस्तरले. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. साहेब म्हणाले, "हे असं टाइप करून कोण वापरणार? एक खिडकी करा, एक छान बटन द्या."

ऑकलंड विद्यापीठात १९९० च्या दशकात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी आर बांधायला घेतली ती आकडेमोडीसाठी, साहेबांच्या बटनासाठी नव्हे. आरमध्ये बटनं-खिडक्या करून देणारी शायनी २०१२ पासून आहे, पण ती ब्राउझरमध्ये उघडते आणि ब्राउझर दिसला की साहेबांना इंटरनेटच दिसतं. ती नेटशिवायही चालते, हे पटवता पटवता घसा बसला. शेवटी खिडक्या करायला आरसोबत फुकट येणारं टीसीएल-टीके घेतलं. त्याच्या खिडक्या १९९५ सालच्या दिसतात. त्यात माझ्या स्क्रिप्टवर डबल क्लिक केलं की खिडकी चमकून गायब, कारण स्क्रिप्ट संपली की तीही संपते; थांबून राहा असं तिला वेगळं सांगावं लागतं.

चाचणीला भाऊसाहेब बसले. चष्मा पुसला, खुर्ची ओढली आणि एका बोटाने पाऊस भरला: ६५०. मराठी कीबोर्डवर, सरकारी शिस्तीत. बटन दाबलं. उत्तर आलं, एनए.

"एनए?"

"म्हणजे उत्तर निघालं नाही, भाऊसाहेब."

"पण एनए कसं? कलेक्टरची परवानगी?"

"ते बिगरशेतीचं एनए नव्हे हो."

"नव्हे कसं? स्पष्ट लिहिलंय. साडेसहाशे मिलिमीटर पावसात जमीन एनए करतंय तुमचं यंत्र. मग सोयाबीन काय प्लॉटवर पेरायचं?"

मागून शिपाई म्हणाला, "गुंठ्याला काय भाव पडेल?" साहेबांनी गंभीरपणे टिपणात लिहिलं, "एनएबाबत महसूल विभागाशी चर्चा करावी."

मुळात टीसीएल-टीकेच्या खिडकीतल्या चौकटीतून येतो तो मजकूर. त्याची संख्या करायला गेलं की आर देवनागरी अंक ओळखतच नाही. साऱ्या जगाची सरासरी काढणारी भाषा, तिला ६५० कळू नये! एका अक्षराच्या जागी दुसरं घालणाऱ्या चार्टर फंक्शनची एक ओळ लिहून अंक बदलून घेतले. या ओळीला हार नाही, नारळ नाही.

खरा राग वेगळाच आहे. अंदाजाखाली मी बारीक अक्षरांत लिहिलं होतं की उत्पादन इतक्यापासून इतक्यापर्यंत असू शकतं. शेतकऱ्याच्या कामाचं तेवढंच. साहेबांनी नेमकं तेच काढायला लावलं, "गोंधळ होतो, एकच आकडा द्या." दिला. आता तो आकडा खिडकीत छातीठोकपणे उभा असतो आणि खाली माझं नाव.

बटन मात्र हिरवं हवंय. पोपटी की शेवाळी, यावर सोमवारी बैठक आहे.