उशिरा नोंद झाली म्हणजे माणूस खोटा?

आमच्या घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर परत तोच विषय निघाला, उशिराच्या जन्मदाखल्यांचा, म्हणजे जन्मानंतर कित्येक वर्षांनी नोंद करून काढलेल्या. बांगलादेशी लोक असे दाखले काढतायत या संशयावरून २०२५च्या जानेवारीत राज्य सरकारने हे दाखले देणं थांबवलं, एसआयटी नेमली, मालेगावात गुन्हे दाखल झाले, तेव्हापासून अधूनमधून कुणीतरी बातमी टाकतं आणि मग दिवसभर तेच. या वेळी दाजींनी लिहिलं, "पन्नास वर्षांचा माणूस आत्ता जन्मदाखला काढतो म्हणजे बांगलादेशीच असणार." आणि वर मला टॅग करून, "तुझ्या आफ्रिकेत चालत असेल असला कारभार."

मी आदिस अबाबात राहते आणि जन्म-मृत्यूची नोंद करणाऱ्या लोकांना शिकवणं हेच माझं काम आहे. केबेलेतल्या, म्हणजे इथल्या वॉर्ड ऑफिसातल्या कर्मचाऱ्यांपासून वरच्या आकडेवारीवाल्यांपर्यंत. त्यामुळे डोकं फिरलं.

दाजी, इथिओपियात देशभर ही नोंदणी सुरूच झाली २०१६च्या ऑगस्टमध्ये. त्या वर्षीच्या आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालच्या मुलांपैकी जेमतेम ३ टक्के मुलांचा जन्म नोंदलेला होता. म्हणजे इथला जवळजवळ प्रत्येक मोठा माणूस उशिराच नोंदला जाणार, त्यात त्याचा काय दोष? आपला कायदा १९६९चा, आपण ८९ टक्क्यांवर पोचलो, त्याचा मला अभिमान आहे आणि मी वर्गात तो आकडा सांगतेही. पण तो लहान मुलांचा आकडा आहे. साठीतल्या माणसांचं काय? आपल्याच ग्रुपवर १ जूनला वाढदिवसांची रांग लागते, आई, काका, आत्या, तुमचे वडील. सगळे १ जूनला जन्मले का? शाळेत घालताना गुरुजींना तारीख हवी होती आणि घरच्यांकडे "पोळ्याच्या आसपास" एवढंच होतं. कुणी फसवलं नव्हतं कुणाला.

दक्षिणेतल्या हवासा शहरात गेले की वर्ग सकाळी तीनला सुरू होतो, कारण इथे तास सूर्योदयापासून मोजतात, म्हणजे आपले नऊ. बुधवार-शुक्रवार असला की जेवणात बेयाइनेतु, उपासाचं डाळी-भाज्यांचं ताट. तिथे मी शिकवते की तारीख माहीत नसली तर गावात काय घडलं ते विचारा. एखादी बाई म्हणते, दर्ग (लष्करी राजवट) आला त्या साली मुलगा झाला, पाऊस संपत आला होता. लिहून घ्या, मग हिशेब लावा. आमच्याकडे मराठवाड्यात बहात्तरचा दुष्काळ, किल्लारीचा भूकंप, अगदी तसंच. इथलं वर्ष तेरा महिन्यांचं, शेवटचा पागुमे पाच-सहा दिवसांचा, त्यात जन्मलेल्या मुलाची तारीख आपल्या कॅलेंडरमध्ये बसवताना हमखास चूक होते. युरोपातून आलेले ट्रेनर तिथे गोंधळतात, मला नाही जड जात, अधिक महिना आणि तिथीवर वाढलेली माणसं आहोत आपण. आणि इथे मुलाचं नाव कुठे लगेच ठेवतात? ऑर्थोडॉक्स घरात मुलग्याचा बाप्तिस्मा चाळीसाव्या दिवशी, मुलीचा ऐंशीव्या. कायद्यात मुदत नव्वद दिवसांची आहे, त्यात दोन्ही बसतं. आपल्याकडे एकवीस दिवसांत माहिती द्यायची, नाव नंतर टाकता येतं, पण हे किती बायकांना माहीत असतं?

नावावरून मला इथे वर्गात नेहमी विचारतात. इथे स्वतःचं नाव, वडिलांचं, आजोबांचं, बस्स. आडनाव नाही आणि लग्न झालं म्हणून बाईचं नाव बदलत नाही. माझ्या शाळेच्या कागदावर वडिलांचं नाव आणि पासपोर्टवर त्याच जागी नवऱ्याचं, हे त्यांना पटतच नाही, मलाही आता पटत नाही.

मुद्द्यावर येते. बनावट टीसी जोडून दाखला काढला असेल तर जरूर केस करा, माझं काही म्हणणं नाही. पण उशीर हाच पुरावा कसा? जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या २०२३च्या दुरुस्तीने शाळा, लायसन्स, मतदार यादी, सगळ्याला जन्मदाखला पुढे आणला. कायद्याने तो १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी, पण खिडकीवरचा माणूस सगळ्यांकडेच मागतो. मग लोक अर्ज करणारच ना. आणि जुन्या नोंदीची किंमत काय असते ते मराठी माणसाला सांगायला हवं का? शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधल्या, मोडी वाचणारे बसवले, कोतवाल बुक आणि गाव नमुना १४ या जन्म-मृत्यूच्या जुन्या वह्या चाळल्या. दाजींच्याच भावकीत आजोबांची नोंद सापडली तेव्हा पेढे वाटले. ज्याच्या आजोबांचं कुणी लिहिलंच नाही त्याने काय करायचं?

मृत्यूवर तर ग्रुपमध्ये कधीच कुणी भांडत नाही. देशात २०२१ मध्ये १ कोटीहून जास्त मृत्यू नोंदले गेले, तो अहवाल २०२५ मध्ये आला, आणि मृत्यूचं कारण डॉक्टरने लिहून दिलंय असे त्यात पाव हिस्साही नाहीत. कोविडमध्ये कोण कशाने गेलं हे आपल्याला नीट माहीत नाही, याचा कुणाला राग येत नाही. इथे इद्दिरवाल्यांना, म्हणजे अंत्यविधीसाठी वर्गणी काढणाऱ्या मंडळांना, गल्लीतला प्रत्येक मृत्यू माहीत असतो, त्यांनाच नोंदणीत कसं आणायचं यावर आमचं काम चाललंय.

इथे सगळं छान आहे असंही नाही. केबेलेच्या ओळखपत्रावर वंश लिहायची पद्धत होती, उत्तरेतल्या युद्धाच्या काळात ते कार्ड दाखवताना लोकांचे चेहरे कसे व्हायचे ते मी पाहिलंय. म्हणून नोंदवहीत संशय शिरला की मला भीती वाटते.

आणि दाजी, माझा दाखलाही उशिराचाच आहे. आजोळी जन्म, सुईण आली होती, ग्रामपंचायतीत नोंद नाही. परदेशी जायचं ठरलं तेव्हा तुम्हीच मला गाडीवर बसवून तालुक्याला नेलंत, अनुपलब्धता प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र, टीसी, कोर्टाचा आदेश. तुम्ही साक्षीदार होतात. मला कुणी बांगलादेशी म्हटलं नाही. आडनाव ऐकलं आणि पुढचा प्रश्नच आला नाही.

माझी मुलगी इथे जन्मली. तिच्या इथल्या दाखल्यावर आडनाव नाही. वकिलातीत वर्षाच्या आत नोंद करायची असते, ती केली. इथे रस्त्यावर पोरं मला फेरेंजी, म्हणजे परदेशी, म्हणतात, तिकडे मी आफ्रिकेवाली. पुढच्या वर्षी लातूरला परत यायचं चाललंय, तिला मराठी शाळेत घालायचंय. हेच शिकवून पोट भरते तरी तिची फाइल करताना मला झोप लागत नाही. दोन्ही दाखले, दोन्हींचं भाषांतर, तारखा जुळतात याचं पत्र, नावाचं प्रतिज्ञापत्र, आणि अजून काय मागतील ते दाजींनाच विचारायचंय, तेच मला घेऊन जातील.